विझला म्हणायचं नाही

१

बिघडलेली गाडी तपासायला माणसं दोन लागतात. एक बॉनेटखाली वाकलेला, दुसरा आत सीटवर बसलेला. वाकलेल्याचे हात इंजिनात असतात आणि डोळे हातांवर, कारण समोर पंखा फिरत असतो आणि पंख्याला बोटं काय, भेंडी काय, सारखीच. आत डॅशबोर्डवर कुठला दिवा लागलाय हे त्याला दिसत नाही. मध्ये बॉनेट भिंतीसारखं उभं. तो नुसता विचारतो आणि आतला सांगतो. आतल्याने सांगितलं ते खरं, असं धरूनच हा धंदा चालतो.

नाशिकच्या द्वारका चौकापुढे, आग्रा रोडला लागून जयराम पगारेचं पत्र्याचं गॅरेज होतं, तिथे आतलं माणूस म्हणजे त्याची बायको लता. अकरा वर्षं ती त्याच्यासाठी सीटवर बसत होती. शेजारचा पंक्चरवाला काळू आधी हसायचा. मिस्तरीची बायको गाडीत आणि मिस्तरी गाडीखाली, म्हणायचा. जयराम म्हणायचा, "हस बाबा. तुझ्या बायकोला हवा तरी भरता येते का?" मग काळूचं हसणं बंद झालं.

जयराम ओरडायचा, "सेल्फ!" लता चावी फिरवायची. "रेस!" ती पाय दाबायची. "दिवा?" तो विचारायचा, म्हणजे ऑइलचा लाल दिवा. त्यावर ती दोनच उत्तरं द्यायची. "लागला" किंवा "शांत झाला". इंजिनाचा आवाज फार असला, तर ती खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थाप मारायची. लागला तर एक, गेला तर दोन. थापेबरोबर तिच्या बांगड्या वाजायच्या.

या "शांत झाला"वरून जयराम तिला भारी चिडवायचा. लताचं माहेर देवळ्याचं. तिच्या आईने, विठाबाईने, पोरींना शिकवलं होतं की दिवा विझला असं तोंडातून काढायचं नाही, शांत झाला म्हणायचं. "अगं, आपण दीक्षा घेतलेली माणसं," जयराम म्हणायचा. "माझ्या बापाने देव्हाऱ्यातले टाक गोदावरीत सोडले आणि तू दीड रुपयाच्या बल्बला शांती देतेस?"

"तुमच्या वडलांनी देव सोडले. माझ्या आईने बोलायची रीत नाही सोडली. तोंडातून चांगलं निघालं तर कुणाच्या बापाचं काय जातं?"

आणि लताच्या तोंडातून चांगलंच निघायचं. वस्तीतल्या विहारात वंदना तीच सांगायची. माइक बंद पडला तरी शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला ऐकू जायचं. वैशाखी पौर्णिमा आठ दिवसांवर आली होती आणि वस्तीतल्या बायका रोज संध्याकाळी तिच्याकडे सरावाला येत होत्या. त्या आवाजाचा जयरामला फार अभिमान होता. तो तसं कधी बोलला नाही, पण वंदनेला तो नेहमी पहिल्या ओळीत बसायचा.

२

ब्याऐंशी सालच्या मे महिन्यात, सकाळी नऊच्या सुमारास, विंचूरचे कांद्याचे व्यापारी खंडेराव यांचा ड्रायव्हर बहिरू एक जुनी काळी गाडी घेऊन आला. गाडी दारात आली तीच ठसका लागल्यासारखी.

"मिस्तरी, लय मिसिंग मारती," बहिरू खाली उतरत म्हणाला. "आन् लाल दिवा मनाला यील तवा लागतो. मालकानं जुनीच घेतली, कुठून ते मला ठावं नाय."

"ऑइल बघितलंस?"

"भरलेलं हाय. प्लग नवे हायेत. नाशिकरोडच्या यादव मिस्तरीनं आठ दिवस ठिवली आन् परत दिली."

"यादवने? काय म्हणाला?"

"काय नाय." बहिरूने खिशातून लिंबू काढलं, दोन मिरच्या ओवलेलं. "हे म्होरं बांधू का?"

"लिंबू सरबतात पिळ. माझ्या गॅरेजात गाडीला पाना लागतो."

जयरामने चहा सांगितला, पण बहिरू थांबला नाही. चावी टेबलावर ठेवली आणि रस्त्यापलीकडे जाऊन एसटीची वाट बघत उभा राहिला. ड्रायव्हर माणूस फुकटच्या चहाला नाही म्हणतो, हे जयरामने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

३

मिसिंग, म्हणजे मध्येच न पेटणारा सिलिंडर, शोधायची जयरामची रीत जुनीच होती. इंजिन चालू ठेवायचं आणि प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या. वायर काढल्यावर इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर कामाचा. वायर काढूनही काही फरक पडला नाही, तर आळशी तोच.

तिसऱ्याची वायर काढली आणि काही फरक पडला नाही. "सापडला गं चोर," जयराम म्हणाला. पण तिसरा प्लग काढून बघितला तर ठिणगी पाडत होता, निळी, टणक. परत बसवला. आता तिसरा चालत होता आणि दुसरा बसला होता. दुसरा तपासला तर पहिला. पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडून जेट फुंकले, तरी मिसिंग काही जाईना. ती एका सिलिंडरातून दुसऱ्यात सरकत होती, बाकावर कुणीतरी बसायला जागा शोधत असल्यासारखी.

"दिवा?" त्याने विचारलं.

"लागला," लता आतून म्हणाली.

ऑइलच्या स्विचची वायर त्याने उपटली. आता दिवा जायलाच हवा. "दिवा?"

"लागलेलाच आहे, अहो."

वायर कुठेतरी बॉडीला टेकत असणार. तो वायरीच्या मागे मागे आत हात घालत गेला. ऊन पत्र्यावर तापत होतं, घाम डोळ्यांत उतरत होता. दहा मिनिटांनी त्याने तसंच वाकून विचारलं, "आता दिवा?"

"विझला."

"हां," जयराम म्हणाला आणि वायरीला टेप गुंडाळू लागला. दोन वेढे झाले आणि त्याचा हात थांबला. अकरा वर्षांत हा शब्द त्याने लताच्या तोंडून ऐकला नव्हता.

"का गं, आज आईची शिकवण विसरलीस?" तो हसत म्हणाला.

"काय म्हणालात?" लताचा आवाज पाठीमागून आला. ती रस्त्यापलीकडच्या नळावरून येत होती, हातात पाण्याची बादली. "रेडिएटरला पाणी लागेल म्हणून गेले होते. तुम्हाला सांगून गेले की. ऐकलं नाहीत?"

जयराम बॉनेटला वळसा घालून गेला. सीट रिकामी होती. लाल दिवा जळत होता.

काळू असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. काळूला नकला करायची खोड होती. पण काळू त्या दिवशी लासलगावला मेव्हण्याच्या लग्नाला गेला होता आणि त्याच्या दुकानाला कुलूप होतं. जयरामने ते कुलूप जाऊन हाताने ओढून बघितलं.

४

दुसऱ्या दिवशी लता उठली ती घसा धरून. आवाज बसला होता. धूळ, ऊन, रोजचा सराव, कारणं काय कमी होती? तिने हळद घातलेलं दूध घेतलं आणि गॅरेजात आलीच. जयरामने कालचं तिला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं तरी काय? गाडीने मला उत्तर दिलं, असं मिस्तरीने म्हणायचं?

मिस्तरी लोक लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. डॉक्टरची नळी छातीला, तसा हा इंजिनाला. आतला व्हॉल्व वाजतोय की बेअरिंग, ते बरोबर कळतं. जयरामने पहिल्या सिलिंडरवर टोक टेकवलं. ठीक. दुसरा ठीक. तिसरा ठीक. चौथा बसलेला होता. प्रत्येक फेऱ्यात तीन ठोके आणि एक रिकामी जागा.

त्या रिकाम्या जागेत काहीतरी होतं.

त्याने मूठ कानात घट्ट दाबली. ठोका, ठोका, ठोका, आणि मग अगदी बारीक, "ला". पुन्हा तीन ठोके. "गला." पुन्हा तीन. "लागला." बायकी आवाज होता. पाढे पाठ करणारं पोर तेच तेच म्हणतं तसा तो म्हणत होता, कधी वर, कधी खाली, नीट जमेपर्यंत. आणि दर वेळी तो लताच्या आवाजाच्या थोडा जवळ जात होता.

"बंद कर!" जयराम ओरडला. "लता, बंद कर आणि खाली उतर!"

ती उतरली. "काय झालं?" तिने विचारलं, पण ते त्याला ओठांवरून कळलं. आवाज सकाळी होता त्याच्या निम्मा राहिला होता.

तो आत शिरला, डॅशबोर्डच्या मागे हात घालून लाल दिव्याचा बल्ब उपटला. हरभऱ्याएवढा बल्ब. तो त्याने शर्टाच्या खिशात टाकला. "आता लाग बघू," तो डॅशबोर्डला म्हणाला.

बल्बच्या रिकाम्या भोकात लाल उजेड तसाच होता.

५

संध्याकाळी जयराम स्कूटरवर नाशिकरोडला गेला. यादव मिस्तरी दुकान बंद करत होता. काळ्या गाडीचं नाव काढताच त्याने शटर अर्धं सोडलं आणि त्याला आत घरात नेलं.

खाटेवर यादवचा धाकटा भाऊ गोटीराम बसला होता. तीस-बत्तीस वर्षांचा, धडधाकट. लेझीम पथकाच्या पुढे ललकारी द्यायचा, जयरामने त्याला पाहिलेलं होतं.

"माझ्यासाठी सीटवर हा बसायचा," यादव म्हणाला. "विचारा त्याला काहीतरी."

"कसा आहेस, गोटीराम?"

गोटीरामने तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, ओठ हलले. खोलीत घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू आली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने मान खाली घातली.

"सिव्हिलच्या डॉक्टरांनी दोनदा बघितलं. घसा साफ आहे म्हणतात." यादव दबक्या आवाजात बोलत होता. "जयरामभाऊ, पाचव्या दिवशी मी विचारलं, दिवा? आतून हा म्हणाला, विझला. मी काम करत राहिलो. दिवसभर तो बोलत होता आणि मी काम करत होतो. संध्याकाळी बघितलं तर हा सीटवर रडत बसलेला. दुपारपासून त्याचा आवाज गेला होता. मग दुपारनंतर मला उत्तर कोण देत होतं? तुमच्या आत कोण बसतं?"

"बायको."

यादवने त्याचा हात धरला. "आत्ताच्या आत्ता गाडी परत द्या."

"म्हणजे खंडेराव ती तिसऱ्याकडे नेणार. त्या तिसऱ्याचंही कुणीतरी आत बसत असेल." जयरामच्या डोक्यात तिडीक गेली होती. त्याला भीती वाटत होती, ते खोटं नाही, पण त्याहून जास्त राग आला होता. "इंजिन माणसाने बनवलंय, यादव. माणसाने जोडलेलं माणूस उकलू शकतो. मी ते नट नट करून सोडवणार आहे. बघू तर खरं, कुठल्या कप्प्यात बसतोय तो!"

घरी येऊन त्याने लताला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती घाबरेल. ती उठली, पदर खोचला आणि बसलेल्या घशाने घोगरं म्हणाली, "माझा आवाज काय रस्त्यावर पडलाय का? पौर्णिमेला वंदना मीच सांगणार."

"सांगशील. पण त्या सीटवर परत बसायचं नाही."

६

इंजिन उतरवावं लागेल, असा निरोप त्याने विंचूरला धाडला. काय करायचं ते करा, असं उत्तर आलं. पुढचे चार दिवस जयराम एकटाच खपला. कुणाला आत बसवलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. आधी बॅटरी काढली, मग पेट्रोलची टाकी रिकामी केली. हेड उघडलं, पिस्टन ओढले, क्रँक बाहेर काढली. गोणपाटावर सगळे भाग ओळीने मांडले आणि एकेक भाग पुसून, मापून, वाजवून बघितला.

कशातच खोट नव्हती. पिस्टन चार होते, रिंगा शाबूत होत्या, बेअरिंगा आरशासारख्या. इतकं ठणठणीत इंजिन त्याने वर्षात पाहिलं नव्हतं. मापं घेताना त्याला कधी कधी वाटायचं की रिकाम्या गाडीत कुणीतरी बोलायच्या आधी श्वास घेतंय. तो मान वर न करता म्हणायचा, "बस तू. इथे कुणी काही विचारत नाही."

आणि खरंच, न विचारता आतून एक शब्द आला नाही. हे त्याने नीट ध्यानात ठेवलं.

चौथ्या दिवशी बहिरू ट्रॅक्टर घेऊन आला आणि गाडीचा पोकळ सांगाडा बांधून विंचूरकडे ओढून घेऊन गेला. ब्लॉक आणि क्रँक जयरामने भंगारवाल्याकडे नेऊन समोर उभं राहून घणाने फोडून घेतले. खंडेरावला दुसरं इंजिन बसवून द्यायचं त्याने कबूल केलं होतं. पदरचं गेलं तर गेलं.

घरी आला तेव्हा लता दारात तांदूळ निवडत होती. "झालं?" तिने विचारलं. आवाज घोगराच होता, पण आवाज होता. कालच्यापेक्षा बरा वाटला त्याला.

"झालं. कणकण सुटा केला." त्याने कामाचा तोच ऑइलने माखलेला शर्ट काढला आणि स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवला. जिंकल्यासारखं वाटत होतं. उद्या पौर्णिमा होती.

७

दिवेलागणीला वस्तीतली वीज गेली. जयराम ओट्यावर बसला होता. उन्हाळ्यात वीज जायचीच. घरोघरी काड्या ओढल्याचे आवाज येऊ लागले, पोरांनी नेहमीसारखा ओरडा केला.

"काय गं, दिवा गेला का?" तो सवयीने आत बघून म्हणाला.

"विझला," स्वयंपाकघरातून लता म्हणाली.

स्वच्छ, खणखणीत आवाज. विहाराच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचणारा. क्षणभर त्याला आनंदच झाला, घसा मोकळा झाला म्हणून. आणि मग त्याची मान गल्लीकडे वळली. गल्लीच्या तोंडाशी हंडा कमरेवर घेऊन लता येत होती.

ती जवळ आली. "दिवा शांत झाला वाटतं," ती घोगऱ्या, खरवडलेल्या आवाजात म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिने हंडा खाली ठेवला.

जयरामने काडी ओढली आणि उंबऱ्यातून आत बघितलं. काडीचा उजेड स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच पोचत होता. पलीकडे अंधारात, माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक लाल ठिपका जळत होता. खिशातला बल्ब. तो आपण काढून टाकला नव्हता, हे त्याला आत्ता आठवलं. पण त्याने बघितलं ते दुसरंच. खुंटीवरचा शर्ट लोंबत नव्हता. तो भरलेला होता. बाह्या खांद्यापासून गोल होत्या आणि एक बाही, आतल्या माणसाने जरा वळावं तशी, त्यांच्याकडे वळत होती.

काडी विझली.

भीती जिथे संपते तिथे काही माणसांचा राग सुरू होतो. जयराम त्यातला. हे त्याचं घर होतं. चार पत्रे आणि अर्ध्या विटेची भिंत, पण त्याची. त्यात कुणी उपरा येऊन त्याच्या बायकोच्या गळ्याने बोलतो?

"ए!" तो गरजला. "आमच्या घरात विझला म्हणत नाहीत! तेवढ्यावरून ओळखलं मी तुला पहिल्या दिवशीच! लता विझला म्हणत नाही. शांत झाला म्हणते. कळलं?"

मग लाल ठिपका मावळला आणि अंधारातून लताच्या आवाजात, सावकाश, घोळवून, अगदी तिच्या आईने शिकवल्यासारखं उत्तर आलं.

"शांत झाला."

कुठे चुकतोय ते इतके दिवस त्या आतल्याला माहीत नव्हतं. ते आज जयरामने आपल्या तोंडाने सांगितलं होतं.

"लता," तो म्हणाला. "लता, काहीतरी बोल."

त्याने दुसरी काडी ओढली. लताचे ओठ हलत होते. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा. गल्लीतला पोरांचा गलका सगळा ऐकू येत होता. तिचंच तेवढं काही येत नव्हतं. तिचा हात गळ्याकडे गेला आणि तिला कळलं. जयरामला वाटलं, आता ही कोसळणार.

ती कोसळली नाही. तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं, मग अंधाऱ्या स्वयंपाकघराकडे बघितलं. हात उचलला आणि उघड्या दाराच्या फळीवर तळहाताने थाप मारली. एक. आणि दुसरी. बांगड्या वाजल्या. अकरा वर्षं इंजिनाच्या गोंगाटातून त्याने ओळखलेली थाप.

"ऐकलं," जयराम म्हणाला. त्याला रडू येत होतं आणि त्याने ते येऊ दिलं. "तूच आहेस. उद्या पहिल्या ओळीत बसून मी हेच ऐकणार."

मग कोपऱ्यातला मोठा पाना त्याने एका हातात घेतला आणि दुसऱ्यात जळती काडी. लताने त्याच्या कोपराला धरलं, मागे ओढायला नव्हे, बरोबर यायला. तिने जाता जाता भिंतीवर पुन्हा दोन थापा मारल्या, आधीपेक्षा जोरात. त्या थापेची नक्कल काही आतल्याला जमली नाही. दोघं स्वयंपाकघरात शिरली.